मोहाची घडी येण्यापूर्वी वचन मनात कसे साठवावे: नवीन विश्वासणाऱ्यांसाठी

बाप्तिस्मा घेऊन चार-सहा महिने झाले की अनेक बंधुभगिनी एकच प्रश्न घेऊन येतात, आणि तो विचारताना त्यांची मान खाली गेलेली असते. प्रभूला जीवन दिले, दर रविवारी उपासनेला येतो, तरी राग होता तसाच आहे. कोणाची तंबाखू सुटलेली नाही, कोणाला दुकानात खोटे बोलल्यावाचून राहवत नाही, कोणी रात्री मोबाईलवर पाहू नये ते पाहतो. मग माझे तारण खरोखर झाले आहे का? हा प्रश्न मनात असलेल्यांसाठी, देवाच्या वचनाच्या आधाराने पापाशी कसे झुंजावे हे येथे क्रमाने सांगितले आहे. त्यातले बहुतेक मी मंडळीतील वडीलधाऱ्यांकडून शिकलो आणि काही स्वतःच्या रागाशी झगडताना उमगले.

आधी पाय कोठे रोवायचे

रोमकरांस पत्राचा सातवा आणि आठवा अध्याय एका बैठकीत, शक्यतो मोठ्याने वाचावा. “जे चांगले करावेसे मला वाटते ते मी करत नाही, पण करावेसे वाटत नाही असे जे वाईट ते मी करतो,” ही कबुली सातव्या अध्यायात आहे, आणि तिच्या पाठोपाठ आठवा अध्याय “ख्रिस्त येशूमध्ये जे आहेत त्यांना दंडाज्ञा नाहीच” या घोषणेने उघडतो. देहाची कर्मे आत्म्याच्या साहाय्याने ठार मारण्याची गोष्ट त्यानंतर, तेराव्या वचनात येते. हा क्रम उलटा करू नये. पाप जिंकल्यावर देव मला स्वीकारील असे ज्याच्या मनात बसले आहे त्याला शास्त्रातले प्रत्येक वचन आरोपपत्रासारखे वाटू लागते आणि थोड्याच दिवसांत तो पुस्तक उघडायचेच टाळतो. क्षमा मिळालेला माणूस ज्या मोकळेपणाने लढतो तो मोकळेपणा हाती आल्याशिवाय पुढच्या पायऱ्या चढण्यात अर्थ नाही, म्हणून या पायरीवर एक-दोन आठवडे गेले तरी जाऊ द्यावेत.

पापाला त्याच्या नावाने ओळखावे

“प्रभू, मी पापी आहे, मला क्षमा कर” ही प्रार्थना खरी असली तरी लढाईसाठी ती फार मोघम आहे. लढायचे कोणाशी, ते ठरले पाहिजे. एका वेळी एकच पाप निवडावे आणि साधी वही घेऊन आठ दिवस नोंद ठेवावी: ते केव्हा घडले, कोठे घडले, त्याच्या आधीच्या तासाभरात काय चालले होते, आणि त्या वेळी मला नेमके काय हवे होते. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण याकोबाच्या पत्रात (१:१४-१५) पापाची वाढ सांगितली आहे ती अशी की माणूस आपल्याच वासनेने ओढला जातो, वासना गर्भवती होऊन पापाला जन्म देते, आणि पाप वाढून मरणाला उपजवते. आपल्या डोळ्यांना जन्म दिसतो, गर्भ दिसत नाही. वही त्या गर्भाचा माग काढण्यासाठी आहे.

माझ्या नोंदीतून जे निघाले ते लिहितो. आमच्याकडे नळाला पाणी सकाळी साडेसहाला येते आणि पाऊण तासात जाते. त्याच वेळी मुलांची शाळेची तयारी, डबे आणि माझी कामावर जाण्याची घाई असते. आठ दिवसांत मी सात वेळा घरात आवाज चढवला होता, आणि त्यांपैकी पाच वेळा पिंप भरत असताना. त्या पाचांपैकी चार दिवस असे होते की आदल्या रात्री मी बारा वाजून गेल्यावर झोपलो होतो. तोवर मी समजत होतो की माझा स्वभावच तापट आहे आणि घरची मंडळी मला चिडवतात. वहीने वेगळेच दाखवले: घरातले सगळे माझ्या घड्याळाप्रमाणे चालावे असा माझा हट्ट होता, आणि तो मोडला की मी ओरडत होतो. त्या हट्टाला शास्त्रात जे नाव आहे त्या नावाने मी त्याला पहिल्यांदा ओळखले, आणि ते नाव गर्व हे आहे. रात्री वेळेवर झोपणे हीही तेव्हापासून माझ्यासाठी आज्ञापालनाची बाब झाली.

सुटे वचन पुरत नाही, उतारा निवडावा

संडे स्कूलमध्ये वाढलेल्यांना सुवर्णवचन पाठ करण्याची सवय असते आणि ती चांगली आहे. मात्र संदर्भावाचून पाठ केलेले वचन हातात नीट बसत नाही, हे प्रभू येशूच्या परीक्षेकडे पाहिले की कळते.

मत्तयाच्या चौथ्या अध्यायात सैतान तीनदा बोलतो आणि येशू तीनदा “असा शास्त्रलेख आहे” म्हणून उत्तर देतो. ही तिन्ही उत्तरे अनुवाद या एकाच ग्रंथातली (जुन्या करारातल्या पाचव्या पुस्तकातली) आहेत: पहिले ८:३ मधून, दुसरे ६:१६ मधून, तिसरे ६:१३ मधून. तीन अध्यायांच्या एवढ्याशा पट्ट्यातून तिन्ही शस्त्रे यावीत हा योगायोग नाही. अनुवादाच्या त्या भागात मोशे इस्राएलाला चाळीस वर्षांच्या रानातल्या प्रवासाची आठवण करून देतो: भूक लागली तेव्हा काय घडले, मान्ना हे स्वर्गातले अन्न कसे मिळाले, मस्सा येथे पाण्यासाठी लोकांनी देवाची परीक्षा कशी पाहिली. येशूही रानात आहे, चाळीस दिवसांचा उपाशी आहे, आणि जेथे इस्राएल पडला होता नेमक्या त्याच ठिकाणी तो उभा राहतो. “मनुष्य केवळ भाकरीने जगेल असे नाही” हे शब्द त्याच्या ओठांवर आले तेव्हा त्यांच्यामागे तो सगळा इतिहास उभा होता.

दुसऱ्या परीक्षेत सैतानही शास्त्रच म्हणतो. त्याने घेतलेले शब्द ९१ व्या स्तोत्राच्या ११ व्या आणि १२ व्या वचनांतले आहेत, पण “तुझ्या सर्व मार्गांत” हे त्यातले शब्द त्याने गाळले आहेत. ते स्तोत्र देवाच्या आश्रयाला राहून आपल्या वाटेने चालणाऱ्याला दिलासा देते. मंदिराच्या शिरोभागावरून मुद्दाम उडी टाकणाऱ्याला ते काहीच देत नाही. ज्याला संपूर्ण स्तोत्र ठाऊक आहे त्यालाच ही गाळलेली जागा दिसेल. म्हणून नवीन विश्वासणाऱ्याने आपल्या पापाशी संबंधित आठ ते पंधरा वचनांचा एक सलग उतारा घ्यावा, त्याच्या पुढचे आणि मागचे अध्याय वाचावेत, तो कोणी, कोणाला, कोणत्या परिस्थितीत लिहिला हे पाळकांना विचारावे, आणि मगच त्यातली दोन-तीन वचने पाठ करावीत.

सुरुवात करायला पुढील उतारे उपयोगी पडतात. राग आणि जीभ यांसाठी याकोब १:१९-२७ आणि त्याबरोबर तिसरा अध्याय. खोटेपणा, चोरी आणि कुजके बोलणे यांसाठी इफिसकरांस पत्र ४:१७-३२. लैंगिक पापासाठी करिंथकरांस पहिले पत्र ६:१२-२० आणि उत्पत्तीच्या ३९ व्या अध्यायातला योसेफ. पैशाच्या लोभासाठी तीमथ्याला पहिले पत्र ६:६-१९. मत्सर किंवा दुसऱ्याच्या भरभराटीची जळफळ असेल तर ७३ वे स्तोत्र, ज्याचा कर्ता आसाफ आपले पाय निसटण्याच्या बेतात कसे आले होते हे स्वतःच सांगतो.

कोणती आवृत्ती वापरावी, असेही विचारले जाते. जी वाचून अर्थ लागतो ती वापरावी, आणि पाठांतरासाठी शेवटपर्यंत तीच ठेवावी. पंडिता रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषांवरून संपूर्ण बायबल मराठीत आणले, ते साध्या, फारसे शिक्षण नसलेल्या बायाबापड्यांना कळावे म्हणूनच. १९२२ मध्ये त्या वारल्या आणि १९२४ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमधून ते भाषांतर पूर्ण छापून निघाले. शास्त्र आपल्याला कळेल अशा शब्दांत असावे यासाठी एका बाईने आयुष्याची अखेरची वर्षे वेचली, हे लक्षात ठेवून शब्द अवघड वाटला तर तो तसाच गिळू नये, विचारावा.

मुखोद्गत करणे आणि मनन करणे

११९ व्या स्तोत्रात १७६ वचने आहेत. हिब्रू वर्णमालेच्या २२ अक्षरांप्रमाणे त्यांचे आठ-आठ वचनांचे गट पाडलेले आहेत आणि एका गटातले प्रत्येक वचन त्याच अक्षराने सुरू होते. अशी बांधणी स्मरणाला मोठा आधार देते. या स्तोत्राचे अकरावे वचन आपल्या विषयाचा गाभा आहे: “मी तुझ्याविरुद्ध पाप करू नये म्हणून मी तुझे वचन आपल्या मनात जपून ठेवले आहे.” जपून ठेवलेली वस्तू अडचणीच्या वेळी हाताला लागते. मोहाच्या घडीला बायबल शोधून, पान उलगडून वचन काढावे इतका वेळ कधीच मिळत नाही.

पद्धत आपल्या शाळेतल्या पाढ्यांचीच आहे. उतारा हाताने एका कार्डावर लिहावा, पहिल्या दिवशी एक वचन दहा वेळा मोठ्याने म्हणावे, दुसऱ्या दिवशी ते न पाहता म्हणून पुढचे जोडावे, आणि आठवड्याच्या शेवटी घरातल्या कोणाला तरी कार्ड हातात देऊन म्हणून दाखवावे. वचन म्हणताना अध्यायाचा आणि वचनाचा आकडाही म्हणावा, म्हणजे पुढे तो संदर्भ उघडता येतो. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी खंत करू नये. आमच्या मंडळीतील एक वृद्ध भगिनी निरक्षर आहेत. त्यांची नात रोज संध्याकाळी एक वचन वाचते आणि आजी भाकरी थापता थापता ते तिच्यामागे म्हणतात. परातीवर हात पडतो त्या ठेक्यावर शब्द बसतात. पहिले स्तोत्र, तेविसावे स्तोत्र आणि डोंगरावरील प्रवचनाचा बराचसा भाग त्यांना आज पाठ आहे, आणि प्रार्थनेत तो सहज येतो.

पाठांतर झाले म्हणजे मनन झाले असे मात्र नाही. पहिल्या स्तोत्रात धन्य पुरुष देवाच्या नियमशास्त्राचे रात्रंदिवस मनन करतो असे म्हटले आहे. तेथला हिब्रू शब्द ओठांतल्या ओठांत पुटपुटण्याचा आहे. यशयाच्या ग्रंथात तोच शब्द पारव्याच्या घुमण्यासाठी आणि शिकारीवर गुरगुरणाऱ्या सिंहासाठी आला आहे. तेव्हा मनन म्हणजे डोळे मिटून रिकामे बसणे नाही. एक वचन घेऊन त्यातल्या एकेका शब्दावर थांबावे. “ऐकावयास तत्पर, बोलण्यात धीमा, रागास मंद” या ओळीवर मी बसलो तेव्हा ध्यानात आले की मी नेमका उलटा आहे: रागास तत्पर, बोलण्यात त्याहून तत्पर, आणि ऐकण्यात मंद. मग पुढचे वचन, “माणसाच्या रागाने देवाच्या नीतिमत्त्वाचे कार्य घडत नाही,” हे घरात शिस्त लावण्याच्या माझ्या सबबीला थेट येऊन लागले.

येथे एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. आपल्यापैकी अनेक जण अशा घरांतून आले आहेत जेथे मंत्र म्हटला की इडापिडा टळते अशी श्रद्धा होती, आणि तीच सवय नकळत बायबलच्या वचनांना लागते. वचन उशीखाली ठेवल्याने किंवा शंभर वेळा जपल्याने पाप पळत नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या १९ व्या अध्यायात स्कवा नावाच्या यहूदी याजकाच्या सात मुलांनी, येशूला न ओळखता, त्याच्या नावाचा मंत्रासारखा वापर केला आणि त्यांना घायाळ होऊन उघड्या अंगाने पळावे लागले. वचनाचे सामर्थ्य ते ज्याचे आहे त्याच्यात आहे, म्हणून प्रत्येक वचनाची प्रार्थना करावी: “प्रभू, तू मला रागास मंद व्हायला सांगितले आहेस, ते माझ्याच्याने होत नाही, तू माझ्यात ते कर.”

प्रत्यक्ष मोहाच्या क्षणी

या क्षणाविषयी लिहिण्यासारखे थोडे आहे, कारण जे व्हायचे ते आधीच्या तयारीने होते. तीन गोष्टी कराव्यात. वचन मोठ्याने किंवा निदान ओठ हलवून म्हणावे. मनातल्या मनात म्हटलेले वचन मोहाच्या कोलाहलात बुडून जाते. लगेच एका वाक्यात प्रार्थना करावी. आणि शरीराने त्या जागेवरून हलावे. योसेफाचा मालक पोटीफर याच्या बायकोने त्याचे वस्त्र धरले तेव्हा योसेफाने तिच्याशी वाद घातला नाही, ते वस्त्र तिच्या हाती टाकून तो बाहेर पळाला. देव परीक्षेबरोबर तिच्यातून निभावण्याचा उपायही करतो असे करिंथकरांस पहिल्या पत्रात (१०:१३) आश्वासन आहे, आणि तो उपाय पुष्कळदा खोलीचे दार हाच असतो. मी पिंपाची नळी सोडून गच्चीवर जातो. पिंप वाहून गेले तरी चालते.

देहवासनेसाठी तरतूद करू नका, अशी आज्ञा रोमकरांस पत्राच्या १३ व्या अध्यायाच्या अखेरीस आहे. ३८६ मध्ये मिलान शहरातील एका बागेत हाच उतारा वाचून प्राचीन मंडळीचे थोर शिक्षक ऑगस्टीन यांचे जीवन पालटले, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. तरतूद हा आपल्या रोजच्या व्यवहारातला शब्द आहे. कपाटात ठेवलेली बाटली, खिशातली पुडी, रात्री उशाशी घेतलेला मोबाईल, पुन्हा कधीतरी उपयोगी पडेल म्हणून न पुसलेला नंबर, ही तरतूद आहे. वचन पाठ करणाऱ्याने ती दिवसाउजेडी, मन शांत असताना काढून टाकावी.

दारू, गुटखा किंवा अन्य व्यसन शरीरात मुरले असेल तर पाळकांबरोबर डॉक्टरांकडेही जावे. अनेक वर्षांची दारू एकाएकी सोडल्याने जिवाला धोका होऊ शकतो, आणि उपचार घेणे हे विश्वासाच्या कमतरतेचे लक्षण नाही. तसेच, घरात मारहाण सोसणाऱ्या बहिणीला “सहन कर” असे वचन ऐकवणे हा वचनाचा दुरुपयोग आहे. तिच्या नवऱ्याने आपल्या पापाशी लढावे. तिने आधी सुरक्षित ठिकाणी जावे, आणि मंडळीने तिला तेथे पोहोचवावे.

सोडलेल्या पापाची जागा रिकामी ठेवू नये

मत्तय १२:४३-४५ मध्ये झाडून, सुशोभित करून रिकामे ठेवलेल्या घरात एका अशुद्ध आत्म्याऐवजी आठ येऊन राहतात. इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात म्हणूनच प्रत्येक पापाच्या बदल्यात एक काम सांगितले आहे. चोरी करणाऱ्याने ती नुसती थांबवायची नाही, तर गरजवंताला द्यायला आपल्याजवळ काही असावे म्हणून आपल्या हातांनी काम करायचे. कुजके बोलण्याच्या जागी ऐकणाऱ्याची उन्नती होईल असे बोलायचे. पत्रात जे लिहिले आहे ते आपल्या वहीत आपल्या घराच्या भाषेत उतरवावे. ज्या दुकानदाराने मापात फसवले त्याने मापाच्या पलीकडे मूठभर अधिक घालावे आणि जुन्या गिऱ्हाइकांची चूक आठवत असेल तर ती भरून द्यावी. जक्कय या जकातदाराने, कोणाला फसवले असेल तर चौपट परत करतो, असे येशूला सांगितले होते. मी पाण्याच्या वेळी धाकट्याला शेजारी उभे करून त्याच्या शाळेतली एक गोष्ट ऐकायची असे ठरवले. पहिले काही दिवस ते फार ओढूनताणून झाले, पुढे तोच स्वतःहून नळापाशी येऊन उभा राहू लागला.

पडल्यावर काय करावे

पडणे होणारच, आणि या पायरीवर सर्वांत जास्त लोक मागे फिरतात. योहानाच्या पहिल्या पत्रात (१:९) म्हटले आहे: “जर आपण आपली पापे पदरी घेतली, तर तो विश्वसनीय व न्यायी आहे म्हणून आपल्या पापांची क्षमा करील, व आपल्याला सर्व अधर्मापासून शुद्ध करील.” मराठी भाषांतरकारांनी येथे योजलेल्या शब्दाबद्दल मला नेहमी कृतज्ञता वाटते. पदरी घेणे म्हणजे ते आपले आहे असे मान्य करून स्वतःच्या अंगावर घेणे, दुसऱ्याच्या पदरात न टाकणे. “मी ओरडलो, पण तूही वेळेवर उठली नाहीस” या वाक्यात पाप पदरी घेतलेले नाही. “मी ओरडलो, ते चूक होते, मला क्षमा कर” या वाक्यात घेतले आहे. नाथान संदेष्ट्याने दाविदाला त्याचे पाप दाखवले तेव्हा राजाने एवढेच उत्तर दिले की “मी परमेश्वराविरुद्ध पाप केले आहे,” आणि त्याच्या पश्चात्तापाची दीर्घ प्रार्थना ५१ व्या स्तोत्रात आपल्याला मिळाली आहे. पडलेल्या दिवशी ते स्तोत्र गुडघे टेकून, सावकाश, स्वतःच्या पापाचे नाव त्यात घालून म्हणावे.

येथे दोन चुका होतात. एक म्हणजे काही दिवस स्वतःला शिक्षा म्हणून प्रार्थनेपासून आणि प्रभुभोजनापासून दूर राहणे, जणू आपण थोडे स्वच्छ झालो की मग देवाकडे जाऊ. शुद्ध करण्याचे काम त्या वचनात देवाने आपल्याकडे घेतले आहे. दुसरी म्हणजे क्षमा मिळते म्हणून पाप हलके मानणे. पहिलीने माणूस खचतो आणि दुसरीने निर्ढावतो. स्वतः कोणत्या बाजूला कलतो हे ओळखून त्याप्रमाणे वाचन करावे: खचणाऱ्याने रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय, निर्ढावणाऱ्याने सहावा.

या कामात एक सोबती असावा. एकमेकांजवळ आपली पातके कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा, असे याकोब ५:१६ मध्ये आहे. कॅथलिक परंपरेत धर्मगुरूंपुढे पापकबुलीची व्यवस्थाच आहे. ज्या मंडळ्यांत ती नाही तेथे नवीन विश्वासणारे अनेकदा वर्षानुवर्षे एकटेच झगडतात. पुरुषाने पुरुषाला आणि स्त्रीने स्त्रीला निवडावे. तो माणूस विश्वासात आपल्यापेक्षा मुरलेला, गुपित राखणारा आणि स्वतःच्या दुबळेपणाविषयी बोलू शकणारा असावा. मंडळीत कितीही मान असला तरी जो इतरांची प्रार्थनाविनंती म्हणून त्यांच्या घरच्या गोष्टी सांगत फिरतो त्याच्याकडे जाऊ नये. आठवड्यातून एकदा, ठरल्या वारी, चहाला अर्धा तास भेटावे. त्या अर्ध्या तासात वही उघडून दाखवावी, पाठ केलेला उतारा म्हणून दाखवावा, गेल्या आठवड्यात कोठे पडलो आणि कोठे उभे राहिलो ते सांगावे, आणि उठण्यापूर्वी एकमेकांसाठी नाव घेऊन प्रार्थना करावी. पहिल्या भेटीला वहीत फक्त आठ दिवसांच्या नोंदी असल्या तरी पुरे. उतारा त्या सोबत्याबरोबर बसूनच निवडावा.